कायरोप्रॅक्टिकची तयारी विज्ञान शाखेतून कशी करावी?

काजवा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र. पुढे कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून दुखण्यावर उपचार करणारी, व्हायचं डोक्यात आहे. का, तर शरीररचनेच्या तासाला मणक्यांची माळ हातात आली आणि मला ती परत ठेवावीशीच वाटेना. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. दोन आठवड्यांत मी डोळे मिटून ओळखायला लागले. (पाठीच्या मधल्या चौघांत अजून गोंधळ होतो.)

विचारायचंय ते असं. उरलेल्या दीड वर्षात कोणते विषय घेऊ? भौतिकशास्त्र मी कसंबसं ढकललंय, ते खरंच लागतं का? कुठल्या देशात शिकावं? आणि एक जरा लाजिरवाणा प्रश्न. माझी उंची पाच फूट एक इंच आणि हात लहान. हे काम ताकदीचं असतं ना? व्हिडिओत तर सगळे पैलवानच दिसतात.

घरी सांगितलं तर उत्तर आलं, "धड डॉक्टर नाही, धड मालिशवाली नाही." तेव्हा तेवढं सोडून बाकी काहीही बोला.

फटाफट

ते कडाकड आवाजाचे व्हिडिओ मी रात्री झोपण्याआधी बघतो. तुम्ही शिकलात की पहिला पेशंट मी.

संशयात्मा

ज्या घरात राहायला जायचंय त्याचा पाया आधी बघून घ्या, म्हणून हा प्रतिसाद.

१८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत. त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणारे हार्वे लिलार्ड यांना नीट ऐकू येत नसे. पामरनी त्यांच्या पाठीतला एक मणका दाबून बसवला आणि लिलार्डना ऐकू यायला लागलं, असा पामर यांचा दावा. कायरोप्रॅक्टिकचा जन्म तो हा. पुढे पामर म्हणू लागले की ९५ टक्के रोग हललेल्या मणक्यांमुळे होतात.

आता तुम्ही जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, तर तुम्हीच सांगा. श्रवणाची नस ही मेंदूपासून निघणारी आठवी नस. ती कवटीच्या आतल्या आतच कानाकडे जाते, पाठीत उतरतच नाही. मग पाठीचा मणका दाबून बहिरेपण कसं जावं?

तुम्हाला नाउमेद करायचा हेतू नाही. पण चार वर्षं घालवण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारलेला बरा.

मणकेदार

संशयात्मा यांच्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे, आणि याच धंद्यावर गेली १४ वर्षं पोट भरतोय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

काजवा, तू वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो. लिलार्डची गोष्ट आमच्यातही अनेकजण आता फक्त इतिहास म्हणून सांगतात. पण सगळे नाहीत, आणि तुझ्या तयारीतला सगळ्यात अवघड भाग इथेच आहे. त्यावर नंतर येतो. आधी साधे प्रश्न.

विषय: अमेरिकेतल्या कॉलेजांना मान्यता देणारी संस्था म्हणजे काउन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन. तिच्या नियमाप्रमाणे प्रवेशाआधी पदवीच्या पातळीवरचे निदान ९० सेमिस्टर क्रेडिट लागतात. त्यातले २४ विज्ञानाचे, आणि विज्ञानाच्या निम्म्या विषयांना तरी प्रयोगशाळा हवी. गुण ४ पैकी ३ च्या सरासरीचे. त्याखाली थोडं घसरलं तरी काही कॉलेजं वेगळ्या वाटेने घेतात, पण त्या भरवशावर राहू नकोस. म्हणजे कागदोपत्री दार तसं रुंद आहे. आत गेल्यावर ते अरुंद होतं. मूळ अभ्यासक्रम किमान ४२०० तासांचा असतो आणि पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, मज्जासंस्था एकदम अंगावर येतात. तेव्हा सेंद्रिय रसायन टाळता येत असलं तरी टाळू नकोस. शरीररचना दोनदा घ्यायला मिळाली तर दोनदा घे. संख्याशास्त्राचा एक आणि मानसशास्त्राचा एक पेपर कर. दुखणं घेऊन येणारा माणूस नुसता कणा घेऊन येत नाही.

भौतिकशास्त्र: लागतं, आणि तुझ्या उंचीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आम्ही सांध्याला जो झटका देतो त्यात वेग जास्त आणि अंतर अगदी कमी असतं. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. ताकद लावायला तेवढा अवधीच नसतो. तुझ्या शरीराचा गुरुत्वमध्य रुग्णाच्या वर कुठे आहे, तरफेचा टेकू कुठला, सांध्यातली ढिलाई आधी किती काढून घेतलीस, यावर सगळं ठरतं. माझ्या वर्गातली सगळ्यात सुबक हाताची मुलगी तुझ्याएवढीच होती. टेबल खाली घ्यायची, एवढाच काय तो फरक. उलट आम्ही दोघेतिघे धिप्पाड गडी खांद्याच्या जोरावर काम उरकायचो आणि शिक्षकांची बोलणी खायचो.

घरी करण्यासारखे दोन उद्योग देतो. एक, जाड पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा केस ठेव, डोळे मीट आणि बोटाने तो शोध. सापडला की वर आणखी एक पान टाक. दुसरा, वजनकाट्यावर तळहात ठेवून न बघता बरोबर १० किलो दाब द्यायचा, मग १५, मग २०. पहिल्या दिवशी तू किती चुकतेस ते इथे लिही.

फटाफट

मला १० सांगितले तर १७ निघाले. बायको म्हणते भांडी फुटतात ती का, ते आता कळलं.

अर्धविराम

मी फिजिओथेरपिस्ट. कायरोप्रॅक्टर म्हटलं की आमच्याकडे भुवया उंचावतात, पण मणकेदार यांनी नीट लिहिलंय.

पुरावा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण घरच्यांपुढे हेच लागेल. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्या दुखण्यात गोळ्यांआधी शेक, मसाज, ॲक्युपंक्चर आणि मणक्यांची हाताने केलेली हालचाल हे पर्याय बघा, असं त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या जुनाट कंबरदुखीवरच्या सूचनांतही हा उपचार आहे. मात्र परिणाम मध्यम स्वरूपाचा, आणि व्यायामाच्या जोडीने. दमा, मुलांचं पोटदुखीचं रडणं, रक्तदाब असल्या गोष्टींसाठी असा आधार नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने नेमकं लहान मुलांच्या दाव्यांवर २००८ साली लिहिलं, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टर संघटनेने त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. २०१० साली तो मागे घ्यावा लागला, आणि तोवर धंद्याची शोभा व्हायची ती झाली.

दुसरी गोष्ट मानेची. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विरळा आहेत. झटक्यामुळे फाटतं, की आधीच फाटायला लागलेल्या वाहिनीमुळे मान दुखते म्हणून माणूस उपचाराला येतो, यावर वाद आहे. वाद काहीही असो, "आयुष्यात कधी झाली नव्हती अशी मानदुखी आणि डोकेदुखी" हे शब्द ऐकले की हात मागे घ्यायचे आणि रुग्णाला पुढे पाठवायचं. हे तुम्हाला शिकवणारं कॉलेज शोधा.

जाता जाता, तुमची ओढ हालचाल आणि पुनर्वसनाकडे असेल तर फिजिओचाही विचार करा. आमचा आवाका मोठा आहे. पक्षाघातानंतरचे रुग्ण, अतिदक्षता विभाग, लहान मुलं. कायरोप्रॅक्टरचा बहुतेक दिवस कणा आणि सांधे यांतच जातो.

काजवा

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार.

वजनकाटा: १० म्हटलं तर ६, २० म्हटलं तर ११. म्हणजे मी फटाफट यांच्या बरोबर उलट. केस चार पानांखाली सापडला, पाचव्याखाली हरवला.

अर्धविरामताई, फिजिओचा विचार केला होता. खरं सांगायचं तर मला कणाच हवाय. आवाका लहान असण्याचीच ओढ आहे असं म्हणा.

मणकेदार, तो "सगळ्यात अवघड भाग" राहिला.

रात्रपाळी

मी सध्या कायरोप्रॅक्टिकच शिकतोय, तिसरा ट्रायमेस्टर (वर्षाचे तीन भाग करतात, त्यातला एक). रात्री दोन वाजता लिहितोय, शुद्धलेखनाकडे कानाडोळा करा.

अवघड भागाबद्दल मणकेदार सांगतीलच, मी माझा अनुभव टाकतो. प्रवेशाआधी दोन कॉलेजं बघायला गेलो होतो. पहिल्या ठिकाणी स्वागताच्या भाषणात जिवाची उपजत शक्ती, तिचा मणक्यांत होणारा अडथळा, आणि तो दूर केला की शरीर सगळं आपोआप बरं करतं, असं तासभर चाललं. मग विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात नेलं. आलेल्या प्रत्येकाचा पूर्ण कण्याचा एक्स-रे. मी विचारलं, प्रत्येकाचा का? उत्तर मिळालं, "बघितल्याशिवाय कळणार कसं?" ऐकायला किती रास्त वाटतं! परतताना गाडीत मला ते जवळजवळ पटलंच होतं.

दुसऱ्या ठिकाणी तोच प्रश्न विचारला. बाईंनी भिंतीवरची यादी दाखवली. नवी कंबरदुखी असेल आणि धोक्याची खूण नसेल तर पहिले सहा आठवडे एक्स-रे वगैरे चित्रण नाही. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये हा सल्ला जाहीर केलाय, असंही त्या म्हणाल्या. मी तिथे नाव घातलं.

बाकी, शवविच्छेदनाचा हॉल आवडला तर इथलं सगळं सहन होतं. वर्गमित्र एकमेकांवर सराव करतात, त्यामुळे आठवड्याला दहाजण तुमची पाठ तपासून जातात. कर्जाचा आकडा मात्र सही करण्याआधी स्वतः मांडून बघा, व्याजासकट. माझ्या वर्गातल्या दोघांनी तो दुसऱ्या ट्रायमेस्टरला पहिल्यांदा मांडला. एकजण आता वर्गात नाही.

मणकेदार

रात्रपाळीने माझं काम अर्ध्यावर आणलं.

अवघड भाग तो हाच. आमच्या घरात पहिल्यापासून दोन चुली आहेत. शब्द एकच, सबलक्सेशन. सामान्य वैद्यकात त्याचा अर्थ सांधा अर्धवट निखळणं, एक्स-रेवर दिसेल असं. पामर यांच्या परंपरेत अर्थ वेगळा. मणका किंचित सरकून नसांचा प्रवाह अडवतो आणि त्यातून रोग होतात. ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने, म्हणजे आमचीच नोंदणी करणाऱ्या संस्थेने, २०१० साली स्पष्ट म्हटलं की ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि ती रोगाचं कारण असल्याच्या दाव्याला संशोधनाचा आधार नाही. तरी कुठे कुठे आजही सगळा अभ्यास तिच्याभोवती फिरतो. तिथून बाहेर पडलेला मुलगा मेहनती असतो, हाताने चांगला असतो. पण दर रुग्णात त्याला तेच दिसतं, आणि आयुष्यभर दर आठवड्याला या असं तो प्रामाणिकपणे सांगतो.

म्हणून कॉलेजला तीन गोष्टी विचार. एक्स-रे कधी काढता, हे रात्रपाळीने सांगितलंच. शिकाऊ विद्यार्थी फक्त कॉलेजच्या दवाखान्यात काम करतात, की इस्पितळातही? अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत २००४ पासून कायरोप्रॅक्टर काम करतात. तिथे विद्यार्थी जात असतील तर इतर डॉक्टरांपुढे त्यांना आपला निर्णय मांडायची सवय होते. आणि तिसरी: बरा झालेला रुग्ण तुम्ही कधी सोडता? हा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर पाणी पिऊन निघ.

देश: जिथे काम करायचं तिथले नियम आधी वाच, मग शिकायची जागा ठरव. परवाना खिशात घालून हिंडता येत नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत परवाना आहे. पहिलं कॅन्सस, १९१३. शेवटचं लुइझियाना, १९७४. त्यासाठी राष्ट्रीय मंडळाच्या चार भागांच्या परीक्षा, आणि वर त्या त्या राज्याचे नियम. कॅनडात फक्त दोन ठिकाणी शिकवतात, टोरांटोला इंग्रजीत आणि त्र्वा-रिव्हिएरला फ्रेंचमध्ये. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी नसेल तर स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं गुन्हा आहे. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेला आणि स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला हा अभ्यासक्रम विद्यापीठात, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने चालतो. मला पुन्हा विशीत जाता आलं असतं तर मी भाषा शिकून तिकडे गेलो असतो.

संशयात्मा

तुमच्या धंद्यातला माणूस हे इतकं उघड लिहितो याचं आश्चर्य वाटलं, आणि बरंही.

मणकेदार

उघड लिहायला उशीरच झाला. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अनेक वर्षं आपल्या डॉक्टरांना आमच्याशी व्यावसायिक संबंध ठेवायला बंदी केली होती. चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टर १९७६ साली कोर्टात गेले. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला की हा बहिष्कार बेकायदा आहे. मात्र आमची विद्या खरी की खोटी, यावर कोर्टाने शिक्का मारला नाही. आमच्यातले काहीजण तो निकाल तसाच मिरवतात, ते चूक. पण वाळीत टाकलेला माणूस टीका ऐकणं बंद करतो, हेही तितकंच खरं. दोन चुली पेटत्या राहण्यात त्याचाही हात होता.

फटाफट

सगळं ठीक, पण तो कडकन आवाज कसला, हे कुणीच सांगितलं नाही. हाडावर हाड?

संशयात्मा

नाही हो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब उतरतो आणि पोकळी तयार होते. पोकळी होताना आवाज होतो की बुडबुडा फुटताना, यावर बरीच वर्षं काथ्याकूट झाला. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटं ओढून एमआरआयखाली पाहिलं, तर आवाजाच्या वेळी पोकळी तयार होताना दिसली. वाद मात्र अजून मिटलेला नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याशी तुलना केली. दोन्हीकडे संधिवात नाही. २००९ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं त्यांना.

मणकेदार

आणि आवाज आला म्हणजे काम झालं असंही नाही. विद्यार्थ्यांना आवाजाचं व्यसन लागतं. रुग्णांना तर लागतंच.

निर्मळा

मी यातली जाणकार नाही, रुग्ण आहे. राहवलं नाही म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून एका कायरोप्रॅक्टरकडे गेले. त्यांनी अर्धा तास हातच लावला नाही. रात्री झोपेतून दुखण्याने जाग येते का, न ठरवता वजन उतरलंय का, पूर्वी कधी कर्करोग झालाय का, लघवीला अडतंय का, बसतो त्या जागी बधिर वाटतं का. शेवटचा प्रश्न विचारताना त्या जराही अवघडल्या नाहीत. मी मात्र अवघडले, कारण उत्तर "हो" होतं आणि ते मी घरीही सांगितलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे फोन करून मला इस्पितळात धाडलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. चकती सरकून कण्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दाबला गेला होता. आज मी चालते, आणि बाथरूमलाही माझी मी जाते.

त्यांनी माझ्या पाठीला बोटही लावलं नाही, तरी माझ्या लेखी त्या उत्तम कायरोप्रॅक्टर. काजवा बाळ, तो प्रश्न न लाजता विचारायचा सराव कर. आरशापुढे कर हवं तर.

अर्धविराम

निर्मळाताई, अंगावर काटा आला. काजवा, या नसांच्या झुबक्याला कॉडा इक्वायना म्हणतात. लॅटिनमध्ये घोड्याची शेपटी. पुस्तकातलं चित्र बघ, नाव कधी विसरणार नाहीस.

रात्रपाळी

आणि प्रवेशाआधी कुणाच्या तरी दवाखान्यात जाऊन नुसतं बसून ये. एका ठिकाणी नको, दोन ठिकाणी. बऱ्याच कॉलेजांना अर्जाबरोबर कायरोप्रॅक्टरचं शिफारसपत्र चालतं, ते यातूनच मिळतं. जाताना वही ने, फोन खिशात ठेव.

काजवा

तीन आठवड्यांनी परत येतेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

एका कायरोप्रॅक्टर बाईंकडे चार शनिवार बसायची परवानगी मिळाली, त्यातले दोन झाले. रुग्णांना विचारूनच मला खोलीत घेतात. काल अकराजण आले. झटका फक्त पाचजणांना दिला. तिघांना नुसते व्यायाम, दोघांचा शेवटचा दिवस होता. ("आता परत येऊ नका," असं हसून सांगितलं. मणकेदार, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारायच्या आधीच मिळालं.) उरलेले एक आजोबा बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते. बाईंनी वहीत "हाडं?" एवढंच लिहिलं आणि टेबलावर घेतलंच नाही. आधी हाडांच्या घनतेची तपासणी करून या म्हणाल्या. आजोबा नाराज. दाराशी जाऊन मला म्हणाले, "मुली, तू तरी एक दे की!"

पुढच्या सत्रात सेंद्रिय रसायन, संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्राचा यांत्रिकीचा भाग पुन्हा, असे तीन घेतलेत. वजनकाट्यावर २० म्हटलं की आता १८ येतात. केस सात पानांखाली. घरी निर्मळाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही, पण मालिशवाली हा शब्द तेव्हापासून निघालेला नाही.

एक राहिलंच. मी डावखुरी आहे. चालतं का?

मणकेदार

चालतं. टेबलाला दोन बाजू असतात आणि दोन्ही हातांनी शिकावंच लागतं. पण २० चे १८ कुठल्या हाताने आले ते लिहिलं नाहीस. डाव्याने आले असतील तर उद्यापासून उजवा.